आपला हिवाळा उलटा आहे: गोव्याच्या रेसनंतर फेब्रुवारीपर्यंत ट्रायथलॉनचा सराव कसा टिकवायचा

गोव्याची हाफ आयर्नमॅन साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. २०१९ साली ती मिरामारला पहिल्यांदा झाली आणि तेव्हापासून पुणे, नाशिक, कोल्हापूर, मुंबईतल्या कितीतरी ट्रायथलीटचं अख्खं वर्ष तिच्याभोवती फिरायला लागलं. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. मेडल गळ्यात पडतं, आठवडाभर ग्रुपवर फोटो फिरतात आणि नेमकी त्याच सुमारास थंडी पडायला लागते. पुढची मोठी रेस जवळपास वर्षभर लांब. पहाटे पाचचा गजर वाजतो, दुलईतून एक हात बाहेर येतो, गजर बंद करतो आणि परत आत जातो. सायकलवर धूळ बसायला सुरुवात होते ती इथून. पाऊस उगाच बदनाम आहे.

मग लोक इंटरनेटवरून ‘विंटर प्लॅन’ उतरवून घेतात. यातले बहुतेक प्लॅन युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्यासाठी लिहिलेले असतात. तिकडे रस्त्यावर बर्फ, संध्याकाळी चार-साडेचारला अंधार. पण पोहण्याचा तलाव बंदिस्त आणि गरम पाण्याचा. म्हणून तिकडचा कोच सांगतो की सायकल घरात ट्रेनरवर (जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) चालवा आणि हिवाळाभर स्विमिंगवर मेहनत घ्या. आपल्याकडे चित्र बरोबर उलटं आहे. रस्ते कोरडे, ऊन कोवळं, दुपारीसुद्धा सायकल चालवता येईल अशी हवा. आणि सोसायटीचा किंवा पालिकेचा टँक मात्र उघड्यावर, पाणी हाडं गोठवणारं. तो प्लॅन पुण्यात जसाच्या तसा राबवला, तर माणूस वर्षातली सगळ्यात चांगली सायकलिंगची हवा बाल्कनीत पंख्यासमोर घालवतो आणि ज्याचा धसका बसलाय ते पोहणं आठवड्यातून चारदा करायला जातो. तीन आठवड्यांत ‘मोटिव्हेशन’ संपतं. संपणारच.

म्हणून खाली जे लिहिलंय ते आपल्या हवामानाचं गणित धरून: नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे साधारण बारा आठवडे. पट्टा मुख्यतः देशावरचा, म्हणजे पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, नगर. मुंबई-कोकणवाल्यांना पोहण्याचा भाग वेगळा लागू होईल, तो तिथे सांगितला आहे.

पहिली पायरी: आधी थांबा, मग छोटी तारीख ठरवा

मोठी रेस झाल्यावर दोन आठवडे प्लॅन बाजूला ठेवा. चाला, मुलांबरोबर टेकडीवर जा, वाटलं तर तासभर सायकल फिरवा. पण घड्याळ, पॉवर (पायातला जोर), पेस (धावण्याचा वेग) काही बघू नका. हे दोन आठवडे न घेणारे लोक डिसेंबरात हमखास कंटाळतात. त्यांना ते थंडीमुळे वाटतं. खरं कारण शिल्लक राहिलेला थकवा असतो.

त्यानंतर एक जवळची तारीख हवी. अकरा महिन्यांवरची रेस कुणालाही दुलईतून बाहेर काढत नाही. सुदैवाने आपल्याकडे हिवाळा हाच स्पर्धांचा मोसम आहे. डिसेंबरात पुण्याची मॅरेथॉन, जानेवारीत मुंबईची, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यात दहा आणि एकवीस किलोमीटरच्या रेस. नोव्हेंबरात हाफ आयर्नमॅन करून लगेच जानेवारीत फुल मॅरेथॉन करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. एकवीस किंवा दहा किलोमीटर पुरे. त्याहून चांगला पर्याय म्हणजे २०० किलोमीटरची बीआरएम. साडेतेरा तासांत पूर्ण करायची सायकल राइड, पहिलं-दुसरं कुणी नाही, फक्त वेळेत पोहोचायचं. हाफ आयर्नमॅनच्या ९० किलोमीटरना नंतर कुणी घाबरत नाही. नाव नोंदवा, पैसे भरा आणि घरच्यांना तारीख सांगून टाका. डिसेंबर-जानेवारीतल्या लग्नांच्या तारखा त्याआधी विचारून घेतलेल्या बऱ्या.

दुसरी पायरी: पहाटे पाचचा हट्ट सोडा

पहाटे पाचला उठण्याची आपली सवय उन्हाळ्याने लावलेली आहे. एप्रिलमध्ये आठ वाजता ऊन चटके देतं म्हणून पाचला निघावं लागतं. जानेवारीत पुण्यात सूर्यच सातच्या पुढे उगवतो. पहाटेचं तापमान दहा-बाराच्या आसपास, काही दिवस त्याच्याही खाली. नाशिकजवळच्या निफाडला तर पाचच्या खाली गेल्याच्या बातम्या अनेकदा येतात. तेच गाव दुपारी अठ्ठावीस-तीस अंशांवर असतं. मग काळोखात कुडकुडत निघण्यात कसली मर्दुमकी?

दुसरं कारण हवेचं. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा आणि गाड्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. ऊन चढून जमीन तापली की हवा हलते आणि धूर वर जातो. म्हणजे जी पहाट आपण ‘शुद्ध हवेची’ मानतो, ती शहरात हिवाळ्यापुरती बऱ्याचदा दिवसातली सगळ्यात वाईट वेळ असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप आहे, त्यात जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा बघा. निर्देशांक २०० च्या वर असेल तर जोराचे इंटरव्हल (थांबून थांबून वेगाने केलेले तुकडे) त्या दिवशी बाहेर करू नका. मुंबईकरांनी हे जास्त मनावर घ्यावं.

तेव्हा वेळापत्रक असं हलवा. रविवारची लाँग राइड साडेसात-आठला. शनिवारचं पोहणं दुपारी बारा ते तीनच्या मध्ये. कामाच्या दिवशी धावणं संध्याकाळी, किंवा घरून काम असेल तर जेवणाच्या सुट्टीत. ऑफिसमुळे सकाळशिवाय गत्यंतरच नसेल, तर पावणेसातला निघा आणि सराव पंचेचाळीस मिनिटांचा ठेवा. हिवाळ्यात छोटे आणि नियमित सराव चालतात.

तिसरी पायरी: पोहणं कमी करा, पण तोडू नका

खरी अडचण इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने शरीरातली उष्णता ओढून घेतं. वीस अंशांच्या हवेत आपण टी-शर्टवर फिरतो. वीस अंशांच्या टँकमध्ये अर्ध्या तासात बोटं वळेनाशी होतात. देशावरचे उघडे टँक डिसेंबर-जानेवारीत सहज तेवढे उतरतात. अशा पाण्यात तीन किलोमीटरचा सेट केला तर स्ट्रोक बिघडतो, खांदे आखडतात आणि तोच बिघडलेला स्ट्रोक अंगवळणी पडतो. त्यामुळे हिवाळ्यात आठवड्याला दोनच वेळा पोहा, प्रत्येक वेळी तीस ते चाळीस मिनिटं, भर तंत्रावर.

उतरण्याआधी टँकच्या काठावर दहा मिनिटं हात फिरवा, जागच्या जागी उड्या मारा, व्यायामाचा लांब रबर बँड ओढा. अंग गरम झाल्यावरच पाण्यात जा. एकदम सूर मारू नका. गार पाण्याचा पहिला झटका श्वास अडकवतो, आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर प्रसंग ओढवतो. आधी चेहरा, मान, छाती ओली करा, मिनिटभर उभे राहा, मग सावकाश सुरुवात करा. डोक्यावर दोन टोप्या घाला, आतली सिलिकॉनची असेल तर उत्तम. कानात प्लग घाला. बायकोने सांगितलं म्हणून नव्हे, थंड पाणी कानात गेल्यावर गरगरतं म्हणून.

सेट साधा ठेवा: २०० मीटर आरामात, मग ५० मीटरचे आठ ड्रिल (एक हात पुढे थांबवून दुसऱ्याने पोहणं, मूठ बंद करून पोहणं, दोन्ही बाजूंना श्वास), मग १०० मीटरचे पाच-सहा, मध्ये पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबा नाही. जास्त थांबलात की गारठलात. दात वाजायला लागले, किंवा बोटं जुळवून करंगळी अंगठ्याला लावता येईना, तर सेट तिथेच संपला. राहिलेल्या लॅप्स कुणी मोजत नाही.

बाहेर आल्यावरही शरीराचं तापमान काही मिनिटं खाली जात राहतं. ओल्या केसांनी टू-व्हीलरवर घरी निघणं ही हिवाळ्यातली सगळ्यात वाईट सवय. आधी पूर्ण कोरडे व्हा, कानटोपी आणि जाड जॅकेट घाला, थर्मासमधला चहा किंवा सूप प्या, दहा-पंधरा मिनिटं उन्हात बसा, मग निघा. आणि अशा पाण्यात एकट्याने पोहायचं नाही. काठावर जीवरक्षक किंवा सोबती हवाच.

वेटसूट, म्हणजे अंग उबदार ठेवणारा रबरी सूट, घ्यावा का, हा प्रश्न दरवर्षी येतो. आयर्नमॅनच्या नियमात हौशी स्पर्धकांना २४.५ अंशांपर्यंतच्या पाण्यातच वेटसूट चालतो. गोव्याचा समुद्र त्याहून गरम असतो, त्यामुळे गोव्यासाठी तो कामाचा नाही. फक्त थंड टँकसाठी हवा असेल तर पातळ बिनबाह्यांचा निओप्रीन जॅकेट स्वस्तात पडतो. टँकवाले चालवून घेतील का, ते आधी विचारा.

आता गंमत बघा. जानेवारीत पुण्याचा टँक वीस अंशांवर असतो तेव्हा कोकणातला समुद्र त्यापेक्षा कितीतरी उबदार असतो आणि पावसाळ्याच्या मानाने शांतही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा डिसेंबरात होत आल्या आहेत, त्या उगाच नाही. देशावरच्या ट्रायथलीटने हिवाळ्यात एक-दोन शनिवार-रविवार कोकणात काढावेत. उघड्या पाण्यात डोकं वर काढून दिशा बघणं, लाटेतला श्वास, शेजाऱ्याचा लागलेला पाय, हे टँकमध्ये शिकताच येत नाही. स्थानिक कोळ्यांना भरती-ओहोटी आणि ओढीची जागा विचारा, कंबरेला रंगीत तरंगता फुगा बांधा, किनाऱ्याला समांतर पोहा, कधीही एकटे जाऊ नका. मुंबई, रत्नागिरी, गोव्यात राहणाऱ्यांनी तर हिवाळ्यात पोहणं कमी करण्याचं कारणच नाही.

टँक अगदीच बंद असेल तर घरच्या खिडकीच्या गजाला रबर बँड बांधून वाकून स्ट्रोक मारा, आठवड्यातून तीनदा, दहा मिनिटं. पोहण्याची जागा ते घेत नाही. मार्चमध्ये टँकवर परतल्यावर खांदे दुखत नाहीत, एवढा फायदा पक्का.

चौथी पायरी: सायकलवर बेस बांधा, आणि उसाच्या ट्रॉलीपासून जपा

हे बारा आठवडे सायकलचे आहेत, बेस म्हणजे दमाचा पाया बांधायचे. ट्रेनर एप्रिलच्या उन्हासाठी आणि जुलैच्या पावसासाठी ठेवा. रविवारची राइड दोन तासांपासून सुरू करून दर आठवड्याला वीस मिनिटं वाढवा; दर चौथ्या आठवड्याला ती पुन्हा कमी करा. वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर तुम्ही बेस बांधत नाही आहात, नुसते दमत आहात. मधल्या आठवड्यात एक सराव चढाचा: दहा मिनिटांचा जोराचा पण सलग चढ, तीनदा.

कपड्यांचं एक सूत्र: निघताना पहिली दहा मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. घरातून उबदार निघालात तर अर्ध्या तासात घामाने भिजाल आणि मग खरी थंडी वाजेल. दहा अंशांच्या हवेत ताशी तीस किलोमीटरने गेलं की अंगाला ती सहा-सात अंशांसारखी लागते. म्हणून हवा अडवणारा पातळ विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे, कान झाकणारा बफ (गळ्यात घालायची कापडी नळी), आणि गुडघे झाकलेले. बोपदेव घाट किंवा सिंहगड चढताना विंडचीटर काढून खिशात ठेवा आणि माथ्यावर, उतरायला लागण्यापूर्वी, घाला. घामाने ओल्या जर्सीवर उताराचा वारा लागला की बोटं आखडतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत. माथ्यावरच्या टपरीतून जुना पेपर मागून जर्सीच्या आत छातीवर घालायची सायकलवाल्यांची जुनी युक्ती आजही चालते.

आता रस्ता. नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचा गळीत हंगाम जोरात असतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, बारामतीच्या रस्त्यांवर ऊस भरलेले ट्रॅक्टर पहाटेच्या काळोखात दोन-दोन ट्रॉल्या ओढत चाललेले असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि उसाची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर. बैलगाड्या वेगळ्याच. उजाडल्यावर निघण्याचं हे तिसरं कारण. तरीही पुढे पांढरा आणि मागे लाल, लुकलुकणारा दिवा दिवसाही चालू ठेवा. ट्रॉलीच्या मागे लागून वाऱ्याचा आडोसा घेण्याचा मोह कितीही झाला तरी टाळा. वरून ऊस पडतो. शहरात कुत्री रात्रीच्या उबेसाठी डांबरावर वेटोळं करून झोपलेली असतात, वळणावर वेग कमी ठेवा. नाशिक पट्ट्यात आणि घाटमाथ्यावर दाट धुकं असेल तर तासभर थांबून चहा प्या.

पावसाळ्याचा चिखल खाल्लेली सायकल रेसपूर्वी घाईने पुसलेली असते. आता तिला एकदा नीट सर्व्हिसिंगला द्या: चेनची झीज मोजून घ्या, बेअरिंग आणि ब्रेक पॅड तपासा. यावर अधिक काही सांगण्यासारखं नाही.

पाचवी पायरी: धावणं आणि जिम

थंडीत पोटरी आणि मांडीच्या मागचे स्नायू लचकतात ते पहिल्या किलोमीटरमध्ये. घरातच दहा मिनिटं घालवा: इमारतीचे जिने दोनदा चढ-उतार, पाय पुढे-मागे झुलवणं, जागेवर गुडघे उचलून धावणं. दाराबाहेर पडताना कपाळ किंचित ओलसर असलं पाहिजे. पहिले दोन किलोमीटर घड्याळाकडे न बघता.

आठवड्यात तीन वेळा धावा. एक लांब आणि हळू, एक छोटा आणि हळू, एक टेकडीवर. पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजाई, नाशिकला पांडवलेणी, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा चढ, अशी जागा गावोगाव सापडते. महिन्यातून दोनदा रविवारच्या राइडनंतर लगेच पंधरा मिनिटं धावा, म्हणजे सायकलवरून उतरल्यावरचे लाकडी पाय विसरायला होत नाहीत. सायकलला जोडून धावण्याच्या या सरावाला ब्रिक म्हणतात, आणि त्याहून जास्त ब्रिक हिवाळ्यात नको.

जिम मात्र आताच. रेसच्या मोसमात वजन उचलायला अंगात जोर उरत नाही. आठवड्यातून दोनदा, चाळीस मिनिटं: स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायावर पायरी चढणं, पोटरीसाठी टाचा उचलणं, रोइंग, प्लँक. आधी तंत्र नीट करून घ्या, तीन आठवड्यांनी वजन वाढवा. चाळिशी ओलांडलेल्यांना सांगतो, एक वेळचं पोहणं सोडलंत तरी चालेल, हे सोडू नका.

खाणं-पिणं

थंडीत तहान लागत नाही, घाम मात्र कपड्याखाली येतच असतो. सायकलवर दर पंधरा मिनिटांनी दोन घोट, तासाला साधारण अर्धा लिटर. गार पाणी घशाखाली उतरत नसेल तर कोमट पाण्यात लिंबू, मीठ, साखर घालून बाटली भरा.

हिवाळ्याचं आपलं खाणं या खेळाला अनुकूल आहे, फक्त वेळ चुकवू नका. बाजरीची भाकरी, तीळ, डिंकाचे लाडू हे राइडनंतर आणि रात्री. त्यात स्निग्धता आणि चोथा भरपूर. राइडच्या आधी किंवा मध्ये खाल्लं तर पोटात दगड होतो. चालत्या राइडवर केळं, राजगिऱ्याची वडी, गूळ, खजूर. दीड तासाच्या वरच्या राइडला तासाला तीस ते साठ ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम येतात, हिशेब तुम्हीच करा. हुरडा पार्टीचं आमंत्रण असेल तर सायकलने जा.

आठवडा कसा दिसेल

सोमवार पूर्ण सुट्टी. मंगळवारी संध्याकाळी टेकडीवर धावणं. बुधवारी जिम. गुरुवारी सायकलवर चढ, तासभर. शुक्रवारी जिम आणि वीस मिनिटं हळू धावणं. शनिवारी दुपारी पोहणं, संध्याकाळी लांब धावणं. रविवारी लाँग राइड. पोहण्याची दुसरी वेळ आठवड्यात दुपार मिळेल त्या दिवशी. एकूण सात-आठ तास होतात. नोकरी, घर, लग्नसराई सांभाळून यापेक्षा जास्त लिहिलेला प्लॅन कागदावरच राहतो.

एक दिवस बुडाला तर तो बुडाला. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. अगदी नको वाटलं तर कपडे घालून फक्त दहा मिनिटं करायची आणि मग परत यायची मुभा स्वतःला द्या. परत येणारे फार थोडे असतात. कपडे, मोजे, चार्ज केलेले दिवे, भरलेली बाटली आदल्या रात्री एकाच खुर्चीवर ठेवा, कारण अंधारात हातमोजा शोधताना माणूस पलंगाच्या फार जवळ असतो. ग्रुपमध्ये ‘उद्या कोण कोण?’ असं विचारलं तर अंगठे खूप येतात, माणसं येत नाहीत. त्यापेक्षा एकाच मित्राला फोन करून जागा आणि वेळ ठरवा.

सर्दी फक्त नाकात असेल तर हलका सराव चालेल. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर पूर्ण विश्रांती. थंड कोरड्या हवेत जोरात श्वास घेतल्यावर छाती आवळत असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तोंडावर बफ ओढा आणि डॉक्टरांना दाखवा. दम्याचा हा प्रकार अनेकांना धावायला लागल्यावरच कळतो. छातीत दुखलं तर थांबायचंच.

टोरांटो, शिकागो, लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींनी वरचं पोहण्याचं आणि सायकलचं प्रकरण अदलाबदल करून वाचावं. तुमच्याकडे गरम टँक आहे, तिथे पोहणं वाढवा. सायकल ट्रेनरवर, पंखा समोर आणि टॉवेल हँडलवर. डिसेंबरात सुट्टीला पुण्यात येणार असाल तर हेल्मेट आणि बूट बॅगेत टाका, सायकल भाड्याने मिळते.

फेब्रुवारीत काय मोजायचं

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारचा टँक पुन्हा सहन होण्यासारखा होतो. तेव्हा एक चाचणी घ्या: वॉर्म-अपनंतर ४०० मीटर पूर्ण जोराने, दहा मिनिटं आराम, मग २०० मीटर पूर्ण जोराने. मोठ्या वेळेतून छोटी वजा करा आणि दोनने भागा. समजा ४०० ला ९ मिनिटं २० सेकंद लागली आणि २०० ला ४ मिनिटं २४ सेकंद, तर फरक २९६ सेकंद, म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं २८ सेकंद. मार्चपासूनचे १०० मीटरचे सेट याच वेगाच्या आसपास ठेवायचे. त्याच आठवड्यात सायकलवर वीस मिनिटांची सलग जोराची चाचणी आणि सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर धावणं, दोन्हींत किमान दोन दिवसांचं अंतर.

हे तीन आकडे वहीत लिहा. मार्चपासून आठवड्यातलं पोहणं दोनवरून चारवर न्या, रविवारची राइड पुन्हा पहाटे साडेपाचला सरकवा, आणि ट्रेनरचा पंखा माळ्यावरून काढून ठेवा.